लक्ष्मीपूजनाला उरलेले तास

२,८०८ तास. २४ जून २०१७. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस ३४,०२२ कोटींची कर्जमाफी जाहीर करतात. थकीत कर्ज दीड लाखापर्यंत माफ. दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यात पेरणीचे दिवस.

२,०८८ तास. २४ जुलै. ऑनलाइन अर्ज सुरू. अंगठा उमटवायचा, आधार द्यायचं. लाभ मोजायचा कुटुंबावर. कर्ज मात्र खात्यावर. बापाचं सोसायटीत, मायचं राष्ट्रीयीकृत बँकेत. गोम इथेच आहे.

हे सगळं शेवटी संगणकातल्या तक्त्यात ओळीओळीनं जातं. कुठल्याही तक्त्यात आपोआप वाढणारी प्रायमरी की (ओळीचा ओळख-क्रमांक) असली, की संगणक नव्या ओळीला पुढचा आकडा देतो. ४२ नंबरची ओळ जशीच्या तशी पुन्हा भरा, ती ४३ होते. नंबर वेगळा, म्हणजे संगणकापुरता माणूस वेगळा. नावावर भिस्त ठेवावी, तर शेगावच्या महाराजांच्या कृपेनं इकडे गावोगाव गजानन. फक्त आधारवर ‘दुसऱ्यांदा चालणार नाही’ असा नियम लावला, तर दोन कर्जखाती असलेला खरा शेतकरीच बाहेर. नियम हवा आधार आणि कर्जखातं या जोडीवर. तरीही बँकेकडून आधारच चुकीचं आलं, तर ही जोडीही बिनबोभाट आत शिरते.

६४८ तास. २२ सप्टेंबर, वाढवून दिलेली शेवटची तारीख. ५६ लाखांहून अधिक अर्ज. आता ते बँकांच्या नोंदींशी जुळवायचे. बँकांना भरायला ६६ रकान्यांचा तक्ता! इतके रकाने भरून घेताना आधीच्या नोंदी कोण तपासणार?

२४ तास. १८ ऑक्टोबर, नरक चतुर्दशी. मुंबईत सह्याद्री अतिथीगृहावर शेतकरी जोडप्यांचा सत्कार, हातात प्रमाणपत्रं. जिल्ह्याजिल्ह्यांतही तसेच सोहळे. प्रमाणपत्र छापायला ओळ पुरते. पैसे टाकायला खातं बरोबर लागतं. दिवाळी गाठायची घाई सरकारला होती, संगणकाला नव्हती.

शून्य. १९ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन. कपाशीच्या वेचणीचा हंगाम, मजुरी रोख द्यायची, आणि खात्यात काही नाही.

पुढच्या काही दिवसांत बँकांनी याद्या उघडल्या, तर एकाच आधार क्रमांकासमोर अनेक शेतकऱ्यांची नावं. पैसे अडले, याद्या पुन्हा तपासणीला गेल्या. मग जुळलेल्यांची हिरवी यादी, न जुळलेल्यांची पिवळी. आणि ‘आपलं नाव कोणत्या रंगात?’ हे विचारायला बँकेत हेलपाटे.

पुढच्या कर्जमाफीची, म्हणजे महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेची, पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० रोजी लागली, तेव्हा अर्ज नव्हताच. माहिती बँकांनी चढवली, प्रत्येक कर्जखात्याला एक विशिष्ट क्रमांक दिला. शेतकऱ्यानं केंद्रावर जाऊन आधार प्रमाणीकरण करायचं, पडद्यावरची रक्कम वाचायची आणि मान्य नसेल तर तिथेच हरकत नोंदवायची. रक्कम खात्यात जाणार होती त्यानंतर.