दुर्दैव, दंड आणि प्रायश्चित्त : गोल्फच्या एका नियमाची कथा

खेळांच्या नियमावल्या आपण साहित्याचे अभ्यासक सहसा वाचत नाही. वास्तविक चुकीकडे पाहण्याची एखाद्या समाजाची दृष्टी त्याच्या कथाकादंबऱ्यांइतकीच त्याच्या नियमांच्या शब्दकळेतही उमटलेली असते. गोल्फमधील एक नियम या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. फसलेला फटका पुन्हा मारण्याची मुभा हा नियम देतो. मात्र त्या मुभेची किंमतही तोच ठरवून देतो.

गोल्फचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने लिखित नियम १७४४ सालचे आहेत. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा शहरालगतच्या लीथ येथे खेळणाऱ्या मंडळींनी ते तयार केले. त्या वर्षी नगरपालिकेने स्पर्धेसाठी चांदीची एक गोल्फकाठी देऊ केली आणि स्पर्धा म्हटली की नियम आलेच. एकंदर तेरा कलमे. सगळी मिळून एका पानात मावतील एवढी. आठवे कलम हरवलेल्या चेंडूविषयी आहे. चेंडू हरवला तर शेवटचा फटका जिथून मारला त्या जागी परत जावे, दुसरा चेंडू टाकावा आणि या दुर्दैवापोटी प्रतिस्पर्ध्याला एक फटका द्यावा, असा त्याचा आशय. खेळाडूचे नुकसान येथे दुहेरी आहे : कापलेले अंतर वाया जाते आणि वर एक फटकाही पदरी पडतो. पावणेतीनशेहून अधिक वर्षांनंतर आजही या नियमाचा गाभा हाच आहे.

या कलमाची भाषा विचारात घेण्यासारखी आहे. त्यात ‘दंड’ नाही, ‘दुर्दैव’ आहे. त्या काळी चेंडू कातड्याच्या पिशवीत पिसे ठासून, हाताने शिवून केलेला असे. तो महाग असल्यामुळे हरवणे हेच मोठे नुकसान होते. शिवाय गवतात चेंडू दिसेनासा होणे किंवा वाटसरूने तो उचलून नेणे यात खेळाडूचा दोष किती आणि नशिबाचा किती, हे कोण ठरवणार? म्हणून नियम दोषाची चर्चाच करीत नाही. फटका दिला जातो तो समोरच्या माणसाला. दोन खेळाडूंमधला हा हिशेब आहे. एकाचे दुर्दैव दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते.

या नियमांखाली सही आहे ती जॉन रॅट्रे या शल्यवैद्याची. चांदीच्या काठीची पहिली स्पर्धा त्यानेच जिंकली. पुढच्याच वर्षी स्ट्युअर्ट घराण्याच्या राजपुत्राचे बंड झाले आणि रॅट्रे बंडखोरांचा वैद्य म्हणून गेला. १७४६ साली कलोडनच्या लढाईत बंड चिरडले गेले. रॅट्रे पकडला गेला, पण गोल्फच्या वर्तुळातलेच न्यायाधीश डंकन फोर्ब्स यांनी रदबदली केल्यामुळे बचावला. १७५१ साली त्याने पुन्हा ती काठी जिंकली. यातून रूपक काढण्याचा मोह आवरलेला बरा. तरीही दुर्दैव आणि दोष यांतली रेषा किती धूसर असते, हे त्या सहीच्या धन्याला पुढे चांगलेच कळले असणार.

या कथेला खरे वळण मिळाले ते मोजणीच्या पद्धतीमुळे. १७५९ साली सेंट अँड्र्यूज येथे बावीस छिद्रांच्या फेरीत सर्वांत कमी फटके घेणारा विजयी, अशी पद्धत लिहिली गेली. त्यापूर्वी एकेका छिद्रापुरती दोघांत झुंज असे. आता समोरचा माणूस पुसट झाला आणि त्याच्या जागी आकडा आला. फटका ‘देण्या’साठी कोणी उरले नाही, तो स्वतःच्याच गुणपत्रिकेवर मांडायचा. आजच्या नियमांत या फटक्याला सरळ ‘दंडाचा फटका’च म्हटले जाते. शब्द बदलला तसे नात्याचे स्वरूपही बदलले.

गंमत अशी की दंड म्हटल्यावर नियमाची कक्षा आक्रसली नाही, उलट रुंदावली. आजच्या नियमानुसार चेंडू हरवलेला नसला, समोर दिसत असला तरीही खेळाडू केव्हाही एका फटक्याचा दंड घेऊन आधीच्या जागी परत जाऊ शकतो. छिद्राजवळ हलकेच ढकललेला चेंडू उतारावरून घरंगळत वाळूच्या खड्ड्यात गेला, तर तिथून झगडण्याऐवजी तोच फटका पुन्हा मारणे कित्येकदा शहाणपणाचे ठरते. नियमाचा असा उपयोग करणे ही लबाडी नव्हे. ती किंमत उघडपणे मोजलेली असते. मित्रामित्रांच्या खेळात ‘मलिगन’ नावाची फुकट पुनरावृत्ती चालते. अधिकृत नियमांत मात्र तिला स्थान नाही.

ही किंमत कमी करण्याचे प्रयत्नही झाले. ब्रिटन आणि अमेरिका यांची पहिली समान नियमावली १९५२ साली आली. १९६० साली अमेरिकी संघटनेने हरवलेल्या चेंडूसाठी फटका वगळून केवळ अंतराचे नुकसान ठेवून पाहिले. पण लगेच पुढच्या वर्षी माघार घेतली. २०१९ पासून स्थानिक नियमाने दोन फटके घेऊन, मागे न जाता, चेंडू हरवला त्या बाजूला पुढे खेळण्याची सोय करता येते. अव्वल स्पर्धांसाठी ती नाही. म्हणजे परत चालत जाण्याचीही किंमत ठरली : एक फटका!

परत जाणे म्हणजे नेमके कुठे जाणे? २०१३ च्या मास्टर्स स्पर्धेत पंधराव्या छिद्रावर टायगर वूड्सचा उत्तम फटका निशाणाच्या काठीवर आदळून पाण्यात गेला. त्याने दंड घेऊन तोच फटका पुन्हा मारायचे ठरवले. पण चेंडू आधीच्या जागेपासून सुमारे दोन यार्ड मागे टाकला आणि मुलाखतीत तसे मोकळेपणाने सांगितलेही. दुसऱ्या दिवशी आणखी दोन फटक्यांचा दंड झाला. परतीची मुभा आहे ती शक्य तितक्या त्याच जागी. पहिल्या फटक्याने शिकवलेले शहाणपण वापरावे. जागा मात्र सोयीने निवडू नये.

आपल्या भाषेत दंड आणि प्रायश्चित्त हे दोन वेगळे शब्द आहेत. दंड दुसरा करतो. प्रायश्चित्त आपण घेतो. गोल्फमध्ये बहुधा जवळ पंच नसतो. परत जायचे की नाही हे खेळाडूच ठरवतो आणि फटकाही तोच मांडतो. तेव्हा नियमाच्या भाषेत दंड असला तरी व्यवहारात हे प्रायश्चित्ताच्या अधिक जवळचे आहे. लेखक खोडलेली ओळ वाचकाला दाखवत नाही, तिचा हिशेबही देत नाही. गोल्फपटूला ही सवलत नाही. दुसरा फटका कितीही सुंदर साधला, तरी पत्रिकेवर पहिला राहतोच, आणि प्रायश्चित्ताचाही.