आजीच्या वाटीत भाजी नव्हती

सहा महिन्यांच्या बाळाला भोपळा वाफवून, वाटून भरवताना आपण सहज म्हणतो, "आजीच्या काळापासून असंच चालत आलंय." तसं नाही. आजीच्या वाटीत भाजी नव्हती, धान्य होतं.

पूर्णगडचंच पाहा. मुचकुंदी समुद्राला मिळते तिथे, खाडीच्या तोंडाशी, छोटा किल्ला आणि त्याच्या कुशीत गाव. रत्नागिरीच्या या पट्ट्यात खाचरात भात आणि डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी. बाळाचं पहिलं अन्न याच दोन पिकांतून आलं: भाताची पेज आणि नाचणीचं सत्त्व. नाचणी भिजवायची, पाट्यावर वाटायची, पातळ फडक्यातून गाळायची. तळाशी बसलेला साका उन्हात वाळवायचा आणि लागेल तसा शिजवून, वर तुपाची धार सोडून चाटवायचा. गाळल्यामुळे कोंडा जातो आणि त्याच्याबरोबर थोडं लोह आणि कॅल्शियमही जातं, हे खरं. पण ज्या घरांत नाचणीला आधी मोड आणत, तिथल्या बायका फार शहाण्या म्हणायच्या. मोड आलेल्या धान्याची लापशी शिजल्यावर कमी घट्ट होते. म्हणजे तेवढ्याच वाटीत पीठ जास्त मावतं, आणि बाळाचं पोट तर मुठीएवढं.

वयाबद्दलही आपली परंपरा सावध होती. सुश्रुताने सहाव्या महिन्यात हलकं, हितकर अन्न द्यायला सांगितलं. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात ज्या क्रिया सांगितल्या, त्यांत अन्नप्राशन आहे, पूजाविधीसह. उष्टावणाला मामा सोन्याच्या अंगठीने खीर चाटवतो, ती खीरही धान्याचीच.

मग भाजी आली कुठून? बरीचशी अमेरिकेतल्या डब्यांतून. हेन्री नेस्ले यांनी 1867 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाळांसाठी जे पीठ काढलं, तेही दूध आणि गव्हाचंच होतं. गाळलेल्या भाज्यांचा धंदा पुढे उभा राहिला. 1921 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात हॅरल्ड क्लॅप यांनी भाज्यांचं सूप विकायला काढलं. मिशिगनमधल्या फ्रीमाँट गावी डोरोथी गर्बर आपल्या लेकीसाठी वाटाणे गाळता गाळता कंटाळल्या. सासरचा डबाबंद अन्नाचा कारखाना होता, तिथेच ते काम होऊ लागलं आणि 1928 मध्ये डबे बाजारात आले. त्यानंतर तिकडे वरच्या अन्नाचं वय खाली खाली घसरत गेलं, अगदी काही आठवड्यांच्या बाळापर्यंत. चव आईला आवडावी म्हणून डब्यांत मीठ पडे, अजिनोमोटोही पडे. अजिनोमोटो 1969 मध्ये आरडाओरडा झाल्यावर थांबला. मग तिकडच्या आया पुन्हा घरी भाजी वाटू लागल्या, आणि तीच पद्धत पुस्तकांतून आणि मोबाइलवरून आपल्याकडे आली.

इकडे 1992 च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या आणि अन्नाच्या डब्यांच्या जाहिरातींना वेसण घातली. 2001 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहा महिने फक्त आईचं दूध असं ठरवलं. म्हणजे सुश्रुताच्या महिन्यालाच येऊन पोचलो! तरी 2024 मध्ये 'पब्लिक आय' या स्विस संस्थेने दाखवून दिलं की भारतात तेव्हा विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये वरून साखर घातलेली होती आणि स्वित्झर्लंडमधल्या डब्यांत ती नव्हती.

आता आपली, म्हणजे जैन घरांची अडचण. परदेशी पाककृती सुरू होतात गाजर, बटाटा, रताळं यांनी, आणि आपल्याकडे कंदमुळं वर्ज्य. म्हणून नव्या आया घाबरतात. घाबरू नका, दुधी आहे, पडवळ आहे, लाल भोपळा आहे. कोकणात भोपळे, कोहळे आढ्याला टांगून पावसाळाभर टिकवतात. गंमत म्हणजे लाल भोपळाही बटाट्यासारखाच अमेरिकेतून आलेला. एकाला आपण चुलीपर्यंत येऊ दिलं, दुसऱ्याला दारातच थांबवलं.

खरी काळजी वेगळी आहे. दुधी आणि भोपळ्यात बहुतेक पाणीच. नुसत्या त्यावर बाळ ठेवलं तर पोट भरतं, वजन वाढत नाही. आपल्या बाळांना अंडं-मांस नाही, म्हणजे लोहासाठी डाळ आणि नाचणीवरच भिस्त; डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिले तर टाळू नका. म्हणून भाजी ही मूग डाळ आणि मऊ भाताच्या सोबतीला, बदली म्हणून नाही. हवी तर ती नाचणीच्या लापशीत कालवा, वर चमचाभर तूप. आठवड्याचे गोळे फ्रीजरमध्ये घालण्यापेक्षा सकाळची वाटी सकाळी आणि संध्याकाळची सूर्यास्ताआधी, ताजीच करा. वाटीभर तर असते. आणि पातळ करू नका. चमचा तिरका केला तरी लगेच ओघळणार नाही, इतकं घट्ट हवं.