धुक्यात सायकल चालवताना चष्म्यावर वाफ का धरते? आणि ती थांबवायची कशी?

डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेसहाला कल्याणच्या गांधारी पुलावरून सायकल काढली, तर काही दिवस समोरची गाडी जवळ आल्यावरच दिसते. दृश्यमानता १ किलोमीटरच्या खाली गेली की हवामानशास्त्रात त्याला धुकं म्हणतात. आपल्याकडचं धुकं उत्तर भारतासारखं दिवसभर बसून राहत नाही. उल्हास नदीच्या काठाने, टिटवाळा-बदलापूरच्या बाजूला पहाटे दाटतं आणि ऊन चढलं की विरतं. पण कॉलेज किंवा स्टेशन गाठायची वेळ नेमकी तीच! त्यात चष्मा असेल, तर बाहेरचं धुकं वेगळं आणि काचेवरचं वेगळं.

आधी काच कुठल्या बाजूने धूसर झालीय ते बघा. थांबून आतल्या बाजूला बोट फिरवलं आणि तेवढा पट्टा स्वच्छ झाला, तर ती तुमच्याच श्वासाची आणि घामाची वाफ. बाहेरच्या बाजूला ओलं लागलं, तर ते धुक्याचे थेंब. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

आतली वाफ कुठून येते?

हवा थंड होत होत ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं, त्याला दवबिंदू म्हणतात. आपला उच्छ्वास साधारण ३४ अंशांचा आणि वाफेने जवळजवळ भरलेला असतो. पहाटेच्या हवेत काच १७-१८ अंशांवर आलेली असेल, तर श्वास तिला लागताच बारीक थेंब जमतात. एरवी ते पटकन सुकतात. धुक्यात मात्र बाहेरची हवाच ओलाव्याने भरलेली असल्यामुळे ती काचेवरचं पाणी घेत नाही.

हे निघण्याआधी फोनवरही कळतं. बऱ्याच हवामान अ‍ॅपमध्ये तापमानाबरोबर ‘ड्यू पॉइंट’ हा आकडा असतो. दोघांत एक-दोन अंशांचाच फरक असेल, तर चष्म्याची तयारी करून निघा. आठ-दहा अंशांचा फरक असेल, तर फार काळजी नको.

सायकल चालू असताना वारा श्वास मागे नेतो, म्हणून त्रास कमी होतो. माजिवड्याच्या सिग्नलला पाय टेकवला की तोच श्वास वर चढतो आणि काच पांढरी. अशा वेळी चष्मा नाकावर थोडा खाली सरकवा, म्हणजे मागे हवा खेळते. नाकावरून घट्ट बांधलेला रुमाल हा तर मोठाच गुन्हेगार, कारण तो सगळी वाफ सरळ वर पाठवतो. धुळीमुळे तोंड झाकायचंच असेल, तर नाकाशी तार असलेला मास्क घ्या आणि ती तार नीट दाबून बसवा.

साबणाचा साधा उपाय

रात्री काच पाण्याखाली धरा, धूळ वाहून जाऊ द्या. सौम्य लिक्विड साबणाचा एक थेंब दोन्ही बाजूंना बोटाने पसरवा, जास्तीचं पाणी झटका आणि हवेवर सुकू द्या. नंतर मऊ कापड हलक्या हाताने फिरवा, घासू नका. साबणाचा पातळ थर पाण्याचा पृष्ठताण कमी करतो. मग थेंब गोळा न होता सपाट पडदा तयार होतो आणि त्यातून आरपार दिसतं. मास्क लावून काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी ब्रिटनमधल्या एका शल्यचिकित्सा नियतकालिकाने २०११मध्ये हीच युक्ती छापली होती. परिणाम कायमचा नसतो, पुन्हा पुन्हा करावं लागतं.

अंतराळवीरही यातून सुटले नाहीत. जून १९६६मध्ये जेमिनी ९ मोहिमेत यूजीन सर्नन यानाबाहेर काम करत असताना त्यांच्या हेल्मेटची काच इतकी धूसर झाली, की ठरलेला प्रयोग अर्धवट सोडून आत यावं लागलं. त्यानंतर नासाने वाफ न धरणारं जे मिश्रण वापरलं, त्यातही मुख्य घटक लिक्विड साबणच होता.

बाजारातले अँटी-फॉग स्प्रे चालतात, पण तुमच्या काचेवर कोटिंग असेल तर आधी लेबल वाचा. २०२२मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांना अशा काही स्प्रेंमध्ये पीएफएएस ही सहजासहजी न विघटणारी रसायनं सापडली होती. मला तरी साबण पुरेसा वाटतो. टूथपेस्ट मात्र नको, तिचे कण कोटिंग खरवडतात. शीळफाट्याच्या धुळीत शर्टाच्या टोकाने कोरडी काच पुसणं हेही तसंच.

बाहेरच्या थेंबांवर साबण फारसा चालत नाही. तिथे हेल्मेटखाली पुढे छज्जा असलेली पातळ टोपी कामी येते. ‘पाणी न धरणारं’ कोटिंग असेल तर थेंब ओघळून जातात, पण आतली वाफ त्याने थांबत नाही.

कंटाळून चष्मा खिशात टाकणारे बरेच आहेत. नंबर उणे दीड असेल, तर साधारण ६५ सेंटीमीटरच्या पलीकडचं सगळं धूसर होतं. म्हणजे हँडलच्या थोडं पुढे असलेला खड्डासुद्धा. आणि धूसर काच घालून चालवलं, तर समोरच्या ट्रकचा हेडलाइट थेंबांवर विखुरतो आणि नजरेसमोर नुसता पांढरा पडदा येतो. अशा वेळी कडेला उतरून काच साफ करा. मागचा लाल दिवा चालू ठेवा, कारण मागच्यालाही तुम्ही दिसत नसता.

पावसाळ्यात हाच प्रकार उलट दिशेने होतो. एसी लोकलमधून डोंबिवलीला उतरलात, की थंड झालेल्या काचेवर बाहेरची दमट हवा बसते. तेव्हा पुसत बसू नका. सायकलचं कुलूप काढेपर्यंत थांबा, काच बाहेरच्या तापमानाला आली की आपोआप साफ होते.