शहराची वारसा-यादी आणि आपल्या गावची वेस

श्रोतेहो, "वाडा आमचा, आम्ही ठेवू नाही तर पाडू, सरकारला काय त्याचे?" हा प्रश्न खेड्यात विचारला जातो, तसाच मुंबईसारख्या शहरातही विचारला जातो. प्रश्न गैर नाही. घराला गळती लागली तर पदर घरधन्याचाच भिजतो. पण त्याच घराच्या ओसरीवर जर गावाचा इतिहास बसलेला असेल, तर त्यावर गावाचा काही हक्क आहे की नाही? या दोन हक्कांचा मेळ कायद्याने कसा घातला, तेवढे आज पाहू.

आपल्या देशात जुन्या स्मारकांच्या रक्षणाचा मोठा कायदा 1904 साली, लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत झाला. आपला मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. तिथे 1914 साली स्वतंत्र पुरातत्त्व खाते निघाले आणि गुलाम यझदानी यांनी ते नावारूपाला आणले. अजिंठ्याची चित्रे सांभाळण्यासाठी 1920 च्या सुमारास इटलीहून कारागीर आणवले, ते याच खात्याने. स्वातंत्र्यानंतर केंद्राचा 1958 चा आणि महाराष्ट्राचा 1960 चा असे दोन कायदे आले. लेणी, किल्ले, मंदिरे, मशिदी यांना त्यांचा आधार मिळाला.

पण या कायद्यांची नजर मुख्यतः एकेकट्या स्मारकावर. शहर म्हणजे काही एकटे देऊळ नव्हे. तिथे गल्ली असते, चाळ असते, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असते. एक घर पाडले तर गल्लीचा एक दात पडतो; दहा पाडली की चेहराच ओळखू येत नाही. न्यूयॉर्क शहराला हे ठेच लागून कळले. तिथले पेनसिल्व्हेनिया नावाचे भव्य रेल्वे स्टेशन 1963 पासून पाडले गेले, लोक हळहळले, आणि 1965 साली शहराने वास्तुरक्षणाचा कायदा केला.

आपल्याकडे मुंबईने 1995 साली असे नियम लागू केले. त्यांचा पाया होता 1966 चा महाराष्ट्राचा नगररचना कायदा. ऐतिहासिक महत्त्वाच्या जागांचे जतन हा विकास आराखड्याचा भाग होऊ शकतो, असे त्या कायद्यातच म्हटले आहे.

मग एखादी इमारत 'वारसा' ठरते कशी? आधी पाहणी होते. बांधणी कशी आहे, वय किती, कोणती घटना किंवा कोण व्यक्ती तिच्याशी जोडलेली आहे, रस्त्याच्या शोभेत तिचा वाटा काय, हे तपासतात. यादी तयार होते, तिच्यावर हरकती व सूचना मागवतात आणि शेवटी शासन ती मंजूर करते. मुंबईच्या पहिल्या यादीत सहाशेहून अधिक नोंदी होत्या.

सगळ्या नोंदींना एकच माप लावलेले नाही, बरं का! पहिल्या श्रेणीतील वास्तूला मजबुतीच्या कामापलीकडे सहसा हात लावायचा नाही. दुसऱ्या श्रेणीत बाहेरचे रूप राखून आत जपून फेरफार करता येतात. तिसऱ्या श्रेणीत त्याहून अधिक मोकळीक असते. अवघा परिसरही यादीत घेतात. गिरगावातली खोताची वाडी घ्या. तिथे एखादे घर साधे असेल, पण साऱ्या घरांनी मिळून जी वस्ती होते, ती जपण्याजोगी आहे. वास्तुतज्ज्ञ, अभियंते, इतिहासाचे जाणकार यांची समिती महापालिकेच्या आयुक्तांना सल्ला देते.

आता घरधन्याचे काय? 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडे चार रुपये आणि दुरुस्ती चार हजारांची, असा व्यवहार झाला. भाडेकरूला आसरा मिळाला. छपराला कोणी वाली उरला नाही. त्यावर वारसा नियमाने एक तोडगा काढला. वास्तूमुळे जागेवर जेवढे वाढीव बांधकाम करता येत नाही, तेवढा हक्क मालकाला दुसरीकडे वापरू द्यावा किंवा विकू द्यावा. तोडगा चांगला, पण पुरा नव्हे. मुंबईतले वॉटसन हॉटेल 1860 च्या दशकात लोखंडी सांगाड्यावर उभे राहिले. त्याचे नाव वारसा-यादीत आहे. तरीही ते इतके खिळखिळे झाले की 2019 साली रिकामे करावे लागले. यादीत नाव आले म्हणजे पाडणाऱ्याचा हात थांबतो. पाऊस काही थांबत नाही. त्यासाठी पैसा लागतो आणि कामाचा जाणता गवंडी लागतो.

तुम्ही म्हणाल, मुंबईच्या या गोष्टी वारंगा फाट्याला कशाला? नांदेडहून आलेला रस्ता इथे फुटतो. एक वाट हिंगोलीकडे, दुसरी हदगाव-यवतमाळकडे. रस्ता रुंद झाला पाहिजे, दवाखान्याची गाडी वेळेत पोचली पाहिजे, यात वाद नाही. पण रुंदीकरणाच्या रेषेत वेस येते, वीरगळ येतो, बारव येते. यंत्राला त्यांची ओळख नसते. ती कागदावर आधी लिहून ठेवावी लागते.

जुने म्हणजे नेमके कोणते, हेही ध्यानात घ्या. औंढ्याच्या नागनाथाचे मंदिर पाहा. खालचा कोरीव पाषाणाचा भाग यादवकाळाचा, वरचे काम नंतरचे. वरचे उपरे म्हणून काढून टाकावे काय? मुळीच नाही! पडझडीनंतर लोकांनी पुन्हा बांधले, हाही इतिहासच आहे.

म्हणून गुरुजींना एक विनंती. शाळेत एक वही घाला. गावातली वेस, गढी, बारव, वीरगळ, पार यांची एकेका पानावर नोंद करा. जागा, लांबी-रुंदी, फोटो, आजची अवस्था लिहा. म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेली हकिगत 'ऐकीव' असा शेरा मारून वेगळी लिहा. मुले मोजमाप शिकतील आणि इतिहासही. मग ती वही ग्रामसभेपुढे ठेवा, ठराव करून घ्या आणि त्याची नक्कल राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे धाडा. या ठरावाने वास्तूला कायद्याचे कवच लगेच मिळेल असे नाही. पण रस्त्याची आखणी करायला साहेब येतील, तेव्हा "इथे काय होते?" असे पुढे हळहळत विचारण्याऐवजी "इथे हे आहे" असे गावाला आधीच सांगता येईल. मुंबईच्या यादीची सुरुवातही अशाच पाहणीतून आणि नोंदीतून झाली.