शब्दांवाचून खेळ

नेवाशास पैस खांबाच्या दर्शनास जाणाऱ्या यात्रेकरूस ज्ञानेश्वरी तेथे शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९० मध्ये, सांगितली गेली हे बहुधा ठाऊक असते. सापशिडीचा मूळ पट, ज्यास मोक्षपट म्हणतात, तोही ज्ञानेश्वरांनीच रचला, अशी आणखी एक कथा महाराष्ट्रात सांगतात. तिला समकालीन लेखी आधार नाही. सबब ती आम्ही इतिहास म्हणून स्वीकारीत नाही. पट मात्र खरे आहेत. पश्चिम भारतातील जुन्या पटांवर, मग ते जैन असोत की वैष्णव, घराघरांतून शब्द लिहिलेले असत. कवड्या टाकाव्यात, सोंगटी पुढे न्यावी, आणि ती ज्या घरात पडेल त्याचे नाव वाचावे: क्रोध, लोभ, दया, भक्ती. वाचन हाच खेळाचा अर्धा भाग होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला, तेव्हा आरंभीच्या पटांवर सद्गुण-दुर्गुणांची चित्रे तरी होती. पुढे तीही पुसट होत गेली, आणि सन १९४३ मध्ये अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने सापांच्या जागी घसरगुंड्या घातल्या. साप गेले, शब्द त्याच्या आधीच गेले होते.

एका देशाचा खेळ दुसऱ्या देशी जाताना प्रथम शब्द गाळले जातात, हा नियम आजही कसा चालतो, ते एका जपानी खेळाच्या हकीकतीवरून दिसेल. योइची ताकाहाशी यांची ‘कॅप्टन त्सुबासा’ ही फुटबॉलवरील चित्रकथा सन १९८१ मध्ये जपानात सुरू झाली. तिच्यावरून टेक्मो कंपनीने सन १९८८ मध्ये निन्टेंडोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी खेळ काढला. त्यात चेंडूमागे बोटे नाचवावी लागत नाहीत. प्रतिस्पर्धी आडवा आला की सामना थांबतो, आणि काय करावयाचे ते खेळणाराने यादीतून निवडावयाचे. प्रत्येक कृतीने खेळाडूचा दम खर्च होतो, अनुभवाने त्याची पायरी वाढते, आणि समालोचकाची वाक्ये पडद्यावर उमटत राहतात. थोडक्यात, ही मैदानावर घडणारी कादंबरीच होय. सन १९९२ मध्ये हाच खेळ अमेरिकेत निराळ्या नावाने विकला गेला, तेव्हा त्सुबासाचा रॉबिन फील्ड झाला आणि चेहरेही बदलले गेले. सन १९९० चा दुसरा भाग, आमच्या मते अधिक सरस, तर इंग्रजीत कधी आलाच नाही. परदेशी मुलांस इतके वाचावयास आवडणार नाही, असा व्यापाऱ्यांचा हिशेब असावा.

आपल्याकडे १९९० च्या दशकात घरोघर आलेली स्वस्त यंत्रे बहुतांशी फॅमिकॉमच्याच नकला होत्या, आणि त्यांच्या कॅसेटींत जपानी अक्षरांचे खेळ सर्रास असत. मुले कितव्या ओळीवर बोट दाबले की काय घडते एवढे लक्षात ठेवून खेळत. तेही एक प्रकारचे पाठांतरच. अर्थावाचून पोपटपंची म्हणा हवे तर.

जे कंपनीने केले नाही ते हौशी मंडळींनी केले. ही कामगिरी नगरच्या वस्तुसंग्रहालयात मोडी कागद लावीत बसणाऱ्या अभ्यासकास लगेच ओळखीची वाटेल. कॅसेटीतील आकड्यांपैकी कोणता आकडा कोणत्या अक्षराचा, याचा तक्ता आधी बसवावा लागतो. त्यानंतर जागेची अडचण येते. जपानी लिपीत ‘दोरिबुरु’ चार अक्षरांत मावतो, इंग्रजीत त्यालाच सात लागतात. ‘पासु’ दोन अक्षरांचा, इंग्रजीत तो चार होतो. मौज अशी की हे दोन्ही शब्द मुळात इंग्रजीच! ड्रिबल आणि पास हे शब्द जपानात जाऊन आखूड होऊन आले, आणि आता स्वगृही परतताना त्यांना घरात जागा नाही. मग वाक्ये दुसरीकडे हलवावयाची आणि ती कोठे आहेत हे सांगणारे आकडे एकेक करून बदलावयाचे. वाटली जाते ती केवळ या फेरफारांची पुरवणी. मूळ खेळ ज्याचा त्याने मिळवावा. तथापि कायद्याच्या दृष्टीने हा उद्योग निःशंक आहे असे आम्ही म्हणणार नाही.

या भाषांतराच्या आधारे आम्ही दुसरा भाग खेळून पाहिला. ब्राझीलमधील साओ पाउलो संघात नाव काढणारा त्सुबासा, मायदेशी शाळकरी सामन्यांत झुंजणारे त्याचे जुने सोबती, आणि अखेरीस ब्राझीलशीच गाठ: हे सारे शब्दांवाचून निव्वळ गोल मोजणे झाले असते. गोलरक्षकाने चेंडू धरावा की ठोसा मारून परतवावा, हा निर्णय घेताना समालोचकाचे वाक्य वाचलेले असले म्हणजे छाती धडधडते.

हौशी भाषांतरकारांस एक मोह मात्र आवरत नाही, तो पदरचे विनोद घालण्याचा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये अनेक प्रती ताडून ज्ञानेश्वरी शुद्ध केली, आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले. या मंडळींपैकी जे चांगले आहेत ते तीच शिस्त पाळतात. बाकीच्यांचे काम वाचताना मूळ कोठे संपले आणि लुडबूड कोठे सुरू झाली, हे कळत नाही.

हा खेळ मराठीत आणता येईल काय, असे आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने विचारले. पडद्यावरील प्रत्येक अक्षर आठ ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच अशा चौकोनात बसवावे लागते. ‘क्रू’ लिहून पाहावा: शिरोरेघ वर, रफार नव्हे तर रकार पोटात, आणि दीर्घ उकार पायाशी. आठ ठिपक्यांत हे मावत नाही. अक्षरास दोन चौकोनांची उंची द्यावी लागेल, आणि मग समालोचकाच्या ओळी निम्म्यावर येतील. तो विद्यार्थी सध्या चौकटीच्या कागदावर बाराखडी आखीत आहे. ‘कृ’पर्यंत पोहोचला आहे.