हीट पंप बसवण्याआधी जुन्या घराला ‘गोधडी’ का लागते?

ब्रिटनमध्ये राहणारे नातेवाईक किंवा मित्र हल्ली गप्पांत ‘हीट पंप’चा विषय काढतात. कारण सरळ आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये गॅस बॉयलर काढून हीट पंप बसवला, तर सरकार ७,५०० पौंडांचं अनुदान देतं. ऑक्टोबर २०२३ पर्यंत ही रक्कम ५,००० पौंड होती. पैसे मिळतायत म्हटल्यावर लोक थेट पंपाचं कोटेशन मागवतात. पण घर शंभर वर्षांचं असेल, तर आधी बघायचं ते छप्पर, फटी आणि भिंती.

हीट पंप म्हणजे नेमकं काय?

उलटा चालणारा एसी. एसी खोलीतली उष्णता बाहेर टाकतो, हीट पंप बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून घरात आणतो. एक युनिट वीज खर्चून साधारण तीन युनिट उष्णता मिळते. ऐकायला भारी वाटतं, पण एक मेख आहे. ब्रिटनमध्ये विजेचं युनिट गॅसच्या जवळपास चौपट महाग पडतं. म्हणजे तीन युनिट मिळूनही बिल बॉयलरपेक्षा वाढू शकतं.

पंप किती काटकसरीने चालेल, हे पाणी किती तापवायचं आहे यावर ठरतं. बॉयलर रेडिएटरमध्ये ७० अंशांच्या आसपासचं पाणी पाठवतो. हीट पंपला ३५ ते ५० अंश मानवतात. त्याहून वर नेलं की तो वीज खायला लागतो. आता गंमत बघा. पाणी ७० ऐवजी ४५ अंशांचं असेल, तर तोच रेडिएटर आधीच्या फक्त ४० टक्के उष्णता देतो. मग एक तर रेडिएटर मोठे घ्या, नाही तर घरातून बाहेर पळणारी उष्णता कमी करा. गोधडी स्वतः गरम नसते, आपली ऊब बाहेर जाऊ देत नाही. इन्सुलेशनचं काम तेच.

सुरुवात कुठून करायची?

पोटमाळ्यापासून. इन्सुलेशन नसलेल्या घरातली साधारण पाव उष्णता छपरातून जाते. तिथे २७० मिलिमीटर जाडीचा मिनरल वूलचा थर अंथरणं हे सगळ्यात स्वस्त आणि कमी कटकटीचं काम. फक्त वळचणीकडची हवा खेळती राहिली पाहिजे, नाही तर वाफ अडकून छपराचं लाकूड कुजतं. त्यानंतर फटी: दारांखालच्या, खिडक्यांच्या, लाकडी जमिनीच्या फळ्यांमधल्या, वापरात नसलेल्या धुराड्याच्या. त्या बुजवताना स्वयंपाकघर आणि बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन हवाच.

खरी डोकेदुखी भिंतींची. १९२०च्या आधीच्या घरांच्या भिंती बहुतेक सलग विटांच्या असतात. नंतरच्या घरांत दोन भिंतींमध्ये पोकळी असते आणि तिच्यात इन्सुलेशन भरता येतं. सलग भिंतीला मात्र आतून किंवा बाहेरून थर चढवावा लागतो. या जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या. त्या ओल शोषतात आणि हळूहळू बाहेर सोडतात. वाड्यांच्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की पोपडे का येतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच कळेल. चुकीचा थर लागला की ओल आतच अडकते, मग बुरशी.

ही नुसती भीती नाही. ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारी योजनांतल्या कामांवर अहवाल दिला. बाहेरून इन्सुलेशन केलेल्या ९८ टक्के घरांत दुरुस्ती लागेल असे दोष आढळले. आतून केलेल्यांत २९ टक्के. म्हणून भिंतीचं काम घाईने, फुकट मिळतंय म्हणून करू नका. दारावर येऊन स्कीम विकणाऱ्याला तर चहाही देऊ नका.

मग भिंती होईपर्यंत थांबायचं का?

गरज नाही. पोटमाळा आणि पोकळ भिंतींच्या इन्सुलेशनची शिफारस प्रलंबित असेल, तर पूर्वी अनुदान मिळत नसे. ती अट मे २०२४ मध्ये काढली. सरकारी निधीतून झालेल्या एका प्रयोगात ७४२ घरांत हीट पंप बसवले गेले, त्यांत व्हिक्टोरियन काळातली चाळीसारखी सलग घरंही होती. कोणत्याही प्रकारचं घर हीट पंपासाठी बाद ठरत नाही, असा त्याचा निष्कर्ष. पण पंपाचा आकार घराच्या उष्णतागळतीवरून ठरतो. आधी मोठा पंप घेतला आणि मग इन्सुलेशन केलं, तर जास्तीचा पैसा पंपात अडकतो आणि तो सारखा चालू-बंद होत राहतो. म्हणून इन्स्टॉलरकडून खोलीनिहाय हिशेब मागा, आणि तो पोटमाळा-फटींचं काम झाल्यानंतरचा असू द्या.

एक फुकटची चाचणीही आहे. ऐन जानेवारीत कॉम्बी बॉयलरच्या रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान ५० अंशांवर आणा आणि हीटिंग जास्त वेळ चालू ठेवा. (गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर हे करू नका, टाकीतलं पाणी ६० अंशांपर्यंत तापणं जिवाणूंमुळे गरजेचं असतं.) दोन-तीन कडाक्याचे दिवस घर उबदार राहिलं, तर रेडिएटर बहुधा पुरतील. एखादीच खोली गार पडली, तर आधी त्या खोलीच्या खिडक्या तपासा.