समुद्रातले प्रशिक्षण : पायपर अल्फाने विचारलेला प्रश्न

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने तेलाच्या प्लॅटफॉर्मवर कशाला बोलावे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. पण एखाद्याला एखादी गोष्ट 'येते' म्हणजे नेमके काय, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न आहे. आणि भर समुद्रात काम करणाऱ्या माणसांनी त्याची किंमत जिवाने मोजली आहे. म्हणून आज तीन घटना सांगतो.

पहिली घटना १५ फेब्रुवारी १९८२ची. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या पूर्वेला ओशन रेंजर नावाची तरंगती रिग वादळात बुडाली. रिगवर ८४ माणसे होती, एकही वाचला नाही. अशा रिगचा तोल टाक्यांत समुद्राचे पाणी घेऊन आणि सोडून सांभाळावा लागतो. त्या रात्री नियंत्रण कक्षाची काच लाटेने फुटली आणि यंत्रणेचा फलक भिजला. आता ही यंत्रणा हाताने कशी चालवायची, हे कामावरच्या माणसांना कोणी धड शिकवलेलेच नव्हते. थंड पाण्यात जीव टिकवणारे पोशाखही रिगवर नव्हते. चौकशी आयोगाने या दोन्ही गोष्टींवर बोट ठेवले. इथे रोग सरळ आहे, अज्ञानाचा. औषधही सरळ : शिकवा आणि साधने द्या.

दुसरी घटना मात्र इतकी सरळ नाही. ६ जुलै १९८८, उत्तर समुद्र, स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनपासून सुमारे १९० किलोमीटर. प्लॅटफॉर्मचे नाव पायपर अल्फा. दिवसपाळीने एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि त्या जागी नुसती झाकणपट्टी बसवली होती. त्या कामाचा वेगळा परवाना, म्हणजे वर्क परमिट, होता. रात्री दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीच्या माणसांपर्यंत व्हॉल्व्हची गोष्ट पोचलीच नव्हती, म्हणून त्यांनी हा पंप सुरू केला. वायू गळला आणि दहाच्या सुमारास स्फोट झाला. पाण्यात पाणबुडे उतरत, ते आत ओढले जाऊ नयेत म्हणून आग विझवणारे पंप आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवलेली होती. शेजारच्या प्लॅटफॉर्मवरून जोडनळ्यांत तेल येतच राहिले. एकूण १६७ माणसे गेली, ६१ वाचली.

आता नीट ऐका. संकटात काय करायचे, हे ठरलेले होते. राहण्याच्या कक्षात जमायचे आणि हेलिकॉप्टरची वाट पाहायची. अनेकांनी तेच केले. हेलिकॉप्टर आले नाही, धुरामुळे येऊ शकणारच नव्हते. प्लॅटफॉर्म सोडा, असा हुकूमही कोणी दिला नाही. त्या कक्षातच ८१ जणांचे मृतदेह मिळाले, बहुतेक धुराने गुदमरलेले. जे वाचले त्यांतले बरेचसे हुकमाची वाट न पाहता निघाले होते. कोणी दोराला धरून खाली उतरला, कोणी हेलिकॉप्टर उतरण्याच्या उंच धक्क्यावरून थेट समुद्रात उडी टाकली.

म्हणजे नियम मोडणारा शहाणा ठरला का? असा निष्कर्ष काढायची घाई करू नये. नियम नसते तर रोजच पायपर अल्फा झाले असते. खरी गोष्ट अशी की त्या नियमाच्या पोटात एक गृहीतक होते : हेलिकॉप्टर येऊ शकेल आणि हुकूम देणारा शुद्धीवर असेल. गृहीतक जळून गेले, नियम तेवढा उरला. माणसांना नियम सांगितला होता, त्यामागचे कारण सांगितले नव्हते.

गिल्बर्ट राईल या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९ साली एक भेद मांडला. 'अमुक असे आहे' हे माहीत असणे वेगळे आणि 'अमुक कसे करावे' हे येणे वेगळे. पायपर अल्फा बघितल्यावर मी त्यात तिसरी गोष्ट जोडीन : 'आता हे करणे थांबवावे' हे कळणे. ॲरिस्टॉटल ज्याला व्यवहारातला विवेक म्हणतो, तो हाच.

लॉर्ड कलन यांचा चौकशी अहवाल नोव्हेंबर १९९० मध्ये आला. त्यात १०६ शिफारशी होत्या आणि त्या सगळ्या स्वीकारल्या गेल्या. मृतांपैकी बहुसंख्य कंत्राटदारांचे कामगार होते, आणि नव्या माणसाला दिली जाणारी सुरक्षेची माहिती अनेकदा वरवरची असे, हे चौकशीत उघड झाले. पण कलन तिथे थांबले नाहीत. प्लॅटफॉर्मच्या प्रमुखांनाच अशा संकटाचे प्रशिक्षण पुरेसे नव्हते, हेही त्यांनी दाखवले. १९९२च्या नियमांनी तर भारच उलटवला. तुमचा प्लॅटफॉर्म सुरक्षित आहे हे आता सरकारने तपासून सांगायचे नाही, कंपनीने ते आधी सिद्ध करायचे.

आज समुद्रावर जाणाऱ्याला जगात अनेक ठिकाणी 'बोसिएट' नावाचा साधारण तीन दिवसांचा अभ्यासक्रम करावा लागतो. त्याचे प्रमाणपत्र चार वर्षे चालते. आग, प्रथमोपचार, समुद्रात तग धरणे, आणि एक विलक्षण धडा : हेलिकॉप्टरच्या नकली केबिनमध्ये पट्ट्याने बांधून तलावात बुडवतात, उलटे करतात आणि मग बाहेर यायचे. पुस्तकाने हे येत नाही, ते अंगात मुरावे लागते.

तिसरी घटना आपल्या दारातली. २७ जुलै २००५, मुंबईच्या महापुराचा दुसरा दिवस. बॉम्बे हायवर एका जखमी स्वयंपाक्याला जहाजावरून प्लॅटफॉर्मवर आणायचे होते. मॉन्सूनचा समुद्र, हेलिकॉप्टर उडत नव्हते. समुद्र सुरक्षा हे जहाज जवळ आले आणि वायूच्या उभ्या नळ्यांवर आदळले. सुमारे दोन तासांत प्लॅटफॉर्म नष्ट झाला. २२ माणसे गेली, ३६२ वाचवली गेली. या जहाजाला पुढे नेणारा हेतू माणुसकीचा होता, हे विसरू नका. चांगल्या हेतूलाही 'आत्ता नको' म्हणणारा कोणी लागतो, आणि तसे म्हणण्याची मुभा त्याला असावी लागते. २००८ साली आपल्याकडे समुद्रातल्या तेलकामांसाठी स्वतंत्र सुरक्षा नियम झाले.

मित्रहो, रायगड-रत्नागिरीपासून मुंबईपर्यंत कितीतरी घरांतली मुले या कामावर जातात. तुमच्या घरातला कोणी जात असेल, तर प्रमाणपत्र आहे ना, एवढेच विचारून थांबू नका. नेहमीची वाट बंद झाली तर दुसरी कुठे आहे, ती तू स्वतः चालून पाहिली आहेस का, हे विचारा. आणि काम थांबवा असे म्हणालास, तर तुझे ऐकणारा कोणी तिथे आहे का, हेही विचारा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याला देता येईल. दुसऱ्याचे उत्तर त्याला कामावर ठेवणाऱ्याने द्यायचे आहे.